सुट्टीतली घंटा

उज्जैन,
७ सप्टेंबर २०२३

ति. सुलूआत्यास,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. मी ते ऑफिसातच उघडलं, तिथे चुकलं. भय्यासाहेबांनी समोरून माझा चेहरा पाहिला आणि विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, गेलं कुणी नाही, माझ्या आत्याला महिदपूरच्या मुलींच्या शाळेने काढून टाकलं. तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला म्हणजे ते ऐकायला तयार असतात, एवढं मला त्यांच्या वकिलीच्या ऑफिसात मुन्शी म्हणून लागल्यापासून कळलं आहे.

तू तरी कसं लिहितेस! भोपळ्याचा वेल छपरावर चढला, कानाला आता काहीच येत नाही, शाळेतून कमी केलं, तू वेळेवर जेवत जा. सगळं एका दमात. मी तीनदा वाचलं तेव्हा मधलं वाक्य सापडलं.

भय्यासाहेबांना सगळं सांगितलं. बाबांच्या मागे तू मला वाढवलंस, शाळेत शिपाईण आहेस, घंटा तूच देतेस, आणि ऐकू येत नाही हे कारण काढून तुला घरी बसवलं. ते म्हणाले, "ऐकणं हे मुलींचं काम. बाईचं काम वाजवण्याचं. ते ती करते की नाही?" मी म्हटलं, करते. "मग लढू."

तुला माहीतच आहे, ते फक्त नोकरदार माणसाच्या बाजूने लढतात. मालकाची केस फ्रीगंजातल्या या जिन्याने कधी वर आली नाही. त्यांचा एक नियम तुला पाळायचा आहे. मालक कोर्टात हमखास म्हणतो की आम्ही काढलंच नाही, बाई आपणच यायची बंद झाली. म्हणून काढलेल्या माणसाने गेटवर जाऊन कामावर हजर व्हायचं. रोज शाळा भरायच्या वेळी जा. "मी कामावर हजर आहे" असं स्पष्ट म्हण. आत घेतलं नाही तर भांडू नकोस. समोरच्या पोस्टात जाऊन मला कार्ड टाक. पोस्टाच्या शिक्क्यावर गाव आणि तारीख असते, ती कुणाला नाकारता येत नाही. निकाल लागेपर्यंत खाडा करू नकोस.

ही सूचना मी आधी कच्ची लिहिली, मग पक्की. भय्यासाहेबांनी ती एक अक्षर न खोडता जाऊ दिली. माझ्या हातचा असा हा पहिला कागद. तुझाच असावा याचं वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं.

तुझा,
अनय


महिदपूर,
१३ सप्टेंबर २०२३

चि. अनयास अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तशी गेले. चांगलं इस्त्रीचं लुगडं नेसून गेले, म्हटलं हजर व्हायचं तर नीट व्हावं. चौकीदार रमेश गेटावर होता. तो बिचारा हातवारे करून सांगत होता, बाई, अंदर नहीं लेना है, ऊपर से बोला है. मग मोठ्या मॅडम आल्या. खूप बोलल्या. मला काही ऐकू आलं नाही, तोंड मात्र पुष्कळ हललं. त्यांचं झाल्यावर मी म्हटलं, "मी कामावर हजर आहे." त्या परत सुरू झाल्या. बहिरेपणाचा असाही फायदा असतो.

घंटा आता ऑफिसातला नवा पोरगा देतो. मधली सुट्टी उशिरा झाली, मला गेटाबाहेरून दिसलं ना, पोरी केव्हा बाहेर पडल्या ते. अरे, घंटेला कान लागतच नाहीत. लागतं ते घड्याळ. आणि एकदा हाणली की तळवा तिच्यावर टेकवायचा. वाजली का, किती लांब गेली, सगळं हाताला कळतं. कान गेल्यापासून माझी एकही घंटा चुकली नाही. हे कोर्टात लिहिता येत असेल तर लिही.

तू मोठा वकील हो. रोज फळा पुसायच्या आधी त्यावरचे शब्द उतरवून मी तुझ्यासाठी घरी आणायचे, ते वाया नाही गेले. तुझं अक्षर बघून पोस्टमन पण विचारतो, ये कौन साहब लिखते हैं.

भोपळा खूप आला आहे. कुणी येणार असेल तर पाठवते.

तुझी,
सुलूआत्या


(कार्ड)
महिदपूर, ४ ऑक्टोबर २०२३
हजर झाले. आत घेतलं नाही. रमेशने बसायला स्टूल दिलं. भला माणूस आहे. सु.


(कार्ड)
महिदपूर, १६ नोव्हेंबर २०२३
शाळेला दिवाळीची सुट्टी आहे. तू खाडा नको म्हणालास म्हणून जाऊन आले. गेट बंद होतं. गेटाला सांगून आले. हजर. सु.


उज्जैन,
१९ जानेवारी २०२४

ति. सुलूआत्यास,
शि. सा. नमस्कार.

आनंदाची बातमी आहे. शाळेने कोर्टात जवाब दाखल केला. भय्यासाहेबांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला. त्यात साफ लिहिलं आहे की बाईला आम्हीच काढलं, कारण ती बहिरी असल्याने घंटा देण्यास आणि मुलींची काळजी घेण्यास अयोग्य आहे. भय्यासाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "सगळं स्वतःच कबूल केलं! आता झगडा एकाच गोष्टीचा. बाई काम करू शकते की नाही?"

त्यासाठी साक्षीदार हवा. शाळेतलं कुणी आपल्या बाजूने उभं राहील का, ते सावकाश बघ. घाई नाही. तुझे प्रश्न कोर्टात तुला लिहून दाखवायचे अशी दरखास्त मी तयार केली आहे. तेव्हा कोर्टातलं तुला कसं कळणार, ही चिंता सोड.

तू जात राहा. तुझी कार्डं मी तारखेप्रमाणे लावून, प्रत्येकाची नक्कल काढून फाईलला जोडली आहेत. परवा एक जुने वकील फाईल चाळून म्हणाले, "भय्यासाहेब, मुन्शी रखा है कि जज?" मी तिथेच उभा होतो. खाली बघितलं.

आणि भय्यासाहेब म्हणाले की अर्धवट सुटलेली बारावी मी आता पुरी करावी, मग कॉलेज, मग वकिली. म्हणाले, "मी असेन नसेन, हे टेबल असेल." फॉर्म आणला आहे. तीनदा तपासून भरीन.

तुझा,
अनय


महिदपूर,
६ फेब्रुवारी २०२४

चि. अनयास अनेक आशीर्वाद.

फॉर्म भर. तपासत बसून तारीख घालवू नकोस. तुझी ती जुनी खोड आहे.

माझी तब्येत उत्तम. गुडघे आपले नेहमीचे. साक्षीदाराचं म्हणशील तर मी कुणाला विचारणार नाही. सगळ्या बायका पोटासाठी काम करतात. निहारिका मॅडम म्हणून आपल्या मराठी आहेत, त्या गेटातून जाताना हात जोडतात, एवढं पुष्कळ आहे. त्यांची नोकरी दरवर्षी नवी होते, जुनी कधीच होत नाही. त्यांना कशाला अडकवायचं?

नवा पोरगा अजून चुकतो. काल पाचवीच्या पोरी तासाआधीच बाहेर आल्या आणि परत आत गेल्या. मी गेटाबाहेरून त्यांना घड्याळ दाखवलं. हसल्या. एकीने हात हलवला.

निकाल लागला की मी पहिल्या दिवशी प्रार्थनेची घंटा देईन, तेव्हा तू ये. लांबून ऐक आणि मला सांग कशी वाजते. मी विसरत चालले आहे.

तुझी,
सुलूआत्या


(कार्ड)
महिदपूर, १२ एप्रिल २०२४
हजर झाले. ऊन आहे. छत्री आहे. स्टूल काढून घेतलं, वरून हुकूम आहे म्हणे. रमेशला ओरडा बसला. आत घेतलं नाही. सु.


उज्जैन,
१६ एप्रिल २०२४

ति. सुलूआत्यास,
शि. सा. नमस्कार.

कार्ड मिळालं. "वरून हुकूम आहे" हे फार कामाचं आहे. हुकूम कुणी दिला, तोंडी की लेखी, ते पुढच्या कार्डात नावानिशी लिही.

अभ्यास चालू आहे. पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, जुलैत लागली. सध्या इतकंच, कारण टपाल निघायची वेळ झाली.

तुझा,
अनय


उज्जैन,
३ मे २०२४

ति. सुलूआत्यास,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र मिळताच गेटवर जाणं बंद कर.

काल भय्यासाहेबांनी तुझी फाईल मागितली. कार्डांची थप्पी बघून विचारलं, "हे कुठपर्यंत आहे?" मी म्हटलं, गेल्या आठवड्यापर्यंत, रोज येतं. त्यांनी वरची दोन-तीन कार्डं उलटून पाहिली. मग म्हणाले, "अनय, आम्हीच काढलं असं त्यांनी जानेवारीत लिहून दिलं. त्या दिवशी हे गेटवर जाणं संपलं. जवाब तूच वाचलास ना मोठ्याने?"

मीच वाचला होता. एकही शब्द न चुकता वाचला होता. त्याचा अर्थ तुझ्या पायांपर्यंत पोचतो हे मला दिसलं नाही. मी कार्डांना भोकं पाडून दोऱ्यात ओवत बसलो.

एप्रिलचं माझं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. तू उन्हात उभी होतीस आणि मी हुकूम कुणाचा ते विचारत होतो.

भय्यासाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "त्या सूचनेवर मीच पुरं लक्ष दिलं नाही. सुरू कधी करायचं ते होतं, थांबायचं कधी ते नव्हतं." सूचना माझी होती, आत्या. निकाल लागेपर्यंत खाडा करू नकोस, असं मी लिहिलं होतं.

आता घरी बस. दुपारी बाहेर पडू नकोस. उत्तर लगेच पाठव.

तुझा,
अनय


महिदपूर,
९ मे २०२४

चि. अनयास अनेक आशीर्वाद.

एवढं मनाला लावून घ्यायला काय झालं? तू सांगितलंस, मी गेले. तू बंद कर म्हणतोस, बंद केलं. आता घरीच आहे. कुरडया घातल्या, तुझ्यासाठी डबा भरून ठेवला आहे. पंखा चालू आहे. दुपारी पडते.

माझं जाणं वाया गेलं असं तुला वाटतं. तसं नाही रे. शाळेतून काढल्यावर बाई घरात बसली की लोक आधी हळहळतात, मग विसरतात. मी रोज तयार होऊन निघत होते. दुकानदार म्हणायचे, बाई, ड्यूटी पे? मी मान हलवायचे. तेवढं तू मला दिलंस.

आता कार्ड येणार नाही. वाट पाहू नकोस. जून लागला की मीच उज्जैनला येते. देवास गेटच्या स्टँडवर घ्यायला ये, एवढ्या गर्दीत मला हॉर्न ऐकू येत नाहीत.

अभ्यास कर.

तुझी,
सुलूआत्या


महिदपूर,
४ जून २०२४

श्री. अनय यांस,
नमस्कार.

मी निहारिका. तुमच्या आत्याच्या शाळेत गणित शिकवते. परवा घाटावर तुम्ही मला पाहिलंत, पण बोलता आलं नाही. माझं माहेर खानदेशातलं, लग्नानंतर इथे आले, मराठी लिहायची सवय सुटली आहे. चुकलं तर समजून घ्या.

तिथे तुम्ही एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मीच पाठवलं तिला गेटवर." ते ऐकून मला राहवेना म्हणून लिहिते.

मे महिन्यात शाळा बंद होती. मोठ्या मॅडम गावाला गेल्या होत्या. मी राहिलेले निकाल पुरे करायला एक दिवस गेले तर साडेदहाला घंटा वाजली. मला वाटलं कुणी खोड्या करतं आहे. व्हरांड्यात गेले तर सुलूबाई. इस्त्रीचं लुगडं, मनगटावर घड्याळ. घंटा दिली आणि तळवा तिच्यावर टेकवून डोळे मिटून उभ्या राहिल्या. रमेश खांबाला टेकून बघत होता. मला म्हणाला, "मैडम, किसी का क्या जाता है. छुट्टी है. बजाने दो." गेटाचं कुलूप तोच उघडत असे.

मग मी रोजच जायला लागले. त्या प्रार्थनेची देत, पहिल्या तासाची, दुसऱ्या तासाची, मधल्या सुट्टीची. एकही मिनिट इकडचं तिकडे नाही. मधल्या सुट्टीत आम्ही तिघं मिळून डबा खायचो. मी कागदावर लिहून विचारलं, "तुमच्या भाच्याची केस आहे म्हणून येता का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "केसचं तर त्याने कधीच बंद केलं. त्याला सांगू नका हं, रागावेल. हे माझं आहे."

त्या गेल्या त्या दिवशी मी नव्हते. रमेशने सांगितलं ते लिहिते. मधल्या सुट्टीची घंटा त्यांनी दिली आणि खाली पायरीवर बसल्या. रमेश मागे पाणी भरत होता. पुढच्या तासाची घंटा झाली नाही. एवढ्या दिवसांत ती कधी चुकली नव्हती, म्हणून तो धावत आला. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.

हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. पण मला साक्षीला बोलावू नका. जुलैत माझी नोकरी नवी व्हायची आहे, घरी सासरे अंथरुणाला खिळले आहेत. रमेशचंही नाव घेऊ नका. मी घाबरते, हे मला माहीत आहे. सुलूबाईंना पण माहीत होतं. तरी त्या माझ्या डब्यात लोणचं वाढायच्या.

निहारिका


उज्जैन,
२१ जुलै २०२४

आदरणीय निहारिकाताई,
सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

तुमचं पत्र मी फाईलला लावलेलं नाही. भय्यासाहेबांनाही दाखवलं नाही. झगडा एवढाच होता की आत्या काम करू शकते की नाही, आणि त्याचा याहून मोठा पुरावा असू शकत नाही, हे मला समजतं. तरी ते माझ्या पेटीत आहे आणि तिथेच राहील. आत्याने तुम्हाला अडकवलं नाही. मी कोण?

शाळेच्या वकिलांनी मागच्या पेशीत म्हटलं की बाई वारली, केस संपली. भय्यासाहेब उभे राहिले. म्हणाले, "बाई वारली आहे हुजूर, तिच्या माथी मारलेलं 'अयोग्य' वारलेलं नाही." वारस म्हणून माझं नाव लागलं. आता फाईलवर मुन्शीच्या जागी माझी सही आहे आणि अर्जदाराच्या जागीही माझीच.

मग मी महिदपूरला गेलो. तुमच्या घरी आलो नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून. शाळेसमोर अंबिकाबाई डबे करून देतात, त्यांना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "मई में? मई में तो स्कूल लगा था ना! घंटी बजती थी. दुपहर के टिफिन मैं उसी पे भेजती थी." मी म्हटलं, मे महिन्यात सुट्टी होती. त्या हात पुसत रस्त्याकडे बघत राहिल्या. "तो फिर कौन बजाता था?" मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मैं बोलूँगी. मुझे किसका डर, मैं किसी की नौकर थोड़ी हूँ." गेट कुणी उघडलं ते त्यांना माहीत नाही, आणि मी सांगितलं नाही.

तुम्ही लिहिलंत की ती माझ्यासाठी जात नव्हती. ते मी रोज वाचतो. मे महिन्याचं कधी कधी पटतं. एप्रिलचं पटत नाही. एप्रिलमध्ये स्टूलसुद्धा नव्हतं, आणि तेव्हा ती माझ्यासाठीच उभी होती.

बारावीची परीक्षा मी दिली नाही. या वर्षी देईन.

आपला,
अनय


उज्जैन,
१६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय निहारिकाताई,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागला. कोर्टाने लिहिलं आहे की बाईंना काढणं बेकायदा होतं, त्या कामास योग्य होत्या, आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्या नोकरीतच होत्या असं धरावं. अंबिकाबाईंची साक्ष त्यात पूर्ण उतरवली आहे. त्यांच्या टिफिनसकट.

आम्ही जिंकलो. भय्यासाहेबांनी चष्मा काढून ठेवला. मी फाईलची नाडी बांधत बसलो, म्हणून थोड्या वेळाने त्यांनी तो परत लावला.

निकालाची नक्कल द्यायला मी शाळेत आलो होतो. तुमचा तास चालू होता, खिडकीतून दिसलात. मोठ्या मॅडमनी सही करून दिली आणि विचारलं, "और कुछ?" मी नाही म्हटलं. व्हरांड्यात रमेश भेटला. तास संपत आला होता. त्याने त्या पोराला बाजूला केलं आणि घंटेची मोगरी माझ्या हातात दिली. मी घड्याळ बघितलं. दिली. मग तळवा टेकवला. कानाला आवाज बंद झाला तरी हाताला ती वाजतच होती. आत्याने मला लांबून ऐकायला बोलावलं होतं. मी जवळून ऐकली, आणि कशी वाजते ते सांगायला कुणी नव्हतं.

परवा नागद्याचा एक माणूस ऑफिसात आला. दिलीप नाव, कारखान्यात ड्रायव्हर होता, एका डोळ्याने कमी दिसतं म्हणून काढला. भय्यासाहेब म्हणाले, "सूचना लिहून दे." मी लिहिली. गेटवर हजर व्हा. सावलीत उभे राहा, सावली नसेल तर उभे राहू नका. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. थांबायचं कधी ते मी सांगेन.

आज रविवार, पण कारखाना चालू असतो. शेवटच्या ओळीवर माझा विश्वास बसेना. पत्र उशिरा पोचतं, पोचलं तरी माणूस ऐकेलच असं नाही. म्हणून सकाळी देवास गेटवरून बस धरली आणि नागद्याला गेलो. तो गेटवर होता, डबा घेऊन. मी म्हटलं, दोन दिवस हजेरी लागली, केसला तेवढी पुरे, घरी चला. तो म्हणाला, "भैया, और दो-चार दिन खड़ा रहता हूँ. केस के लिए अच्छा रहेगा ना?"

मी त्याच्या हातातला डबा घेतला आणि त्याच्या घरापर्यंत त्याच्यासोबत चालत गेलो. त्याच्या बायकोने दार उघडलं. मग परतलो.

आपला,
अनय